वाचकांचे प्रश्न : उपकरणांचा डेटा कुठे ठेवावा आणि त्याला जबाबदार कोण?

जोडलेल्या उपकरणांनी निर्माण केलेला डेटा दूरच्या एका डेटा सेंटरकडे न पाठवता उपकरणांच्या आसपासच, अनेक ठिकाणी विभागून ठेवण्याच्या पद्धतीविषयी वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांतले सात प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले असून काही पत्रांचा फक्त मुख्य भाग दिला आहे.

प्रश्न : ‘एज कॉम्प्युटिंग’ आणि ‘विकेंद्रित साठवण’ हे शब्द अनेक लेखांत एकाच अर्थाने वापरलेले दिसतात. त्यांत फरक आहे का? शिवाय क्लाउडची सोय हाताशी असताना डेटा उपकरणांजवळ ठेवण्याचा खटाटोप कशासाठी करायचा? — एक शिक्षिका

उत्तर : फरक आहे, आणि तो सुरुवातीलाच स्पष्ट केला नाही तर पुढचे सगळे निर्णय चुकतात. एज म्हणजे काठ; जाळ्याच्या मध्यापासून दूर, जिथे सेन्सर, कॅमेरे, मीटर आणि यंत्रे प्रत्यक्ष काम करतात ती जागा. एज हा शब्द जागेविषयी सांगतो, तर विकेंद्रीकरण हा शब्द अधिकाराविषयी सांगतो. एखाद्या संस्थेचे पाचशे गेटवे (आसपासच्या उपकरणांचा डेटा गोळा करून पुढे पाठवणारी यंत्रे) पाचशे ठिकाणी बसवलेले असतील, पण त्यांतली एकही नोंद मुख्यालयातल्या एका सर्व्हरच्या परवानगीवाचून वाचता येत नसेल, तर ती व्यवस्था काठावरची असूनही पूर्णपणे केंद्रित आहे. याउलट, परस्परांशी संबंध नसलेल्या दहा संस्थांनी आपापल्या मोठ्या डेटा सेंटरमध्ये एकाच संग्रहाचे भाग सांभाळले, तर ती व्यवस्था विकेंद्रित असेल, पण तिचा काठाशी काही संबंध नसेल.

या शब्दांचा घोळ जुना आहे. पॉल बॅरन यांनी १९६४ मध्ये रँड या संस्थेसाठी लिहिलेल्या अहवालांत जाळ्यांच्या तीन आकृत्या काढल्या होत्या. पहिलीत सर्व रेषा एका बिंदूला मिळतात, दुसरीत असे काही मध्यबिंदू एकमेकांना जोडलेले आहेत आणि तिसरी मासेमारीच्या जाळ्यासारखी सर्वत्र सारखी विणलेली आहे. दुसरीला त्यांनी विकेंद्रित म्हटले आणि तिसरीला वितरित. आज हे दोन्ही शब्द सैलपणे वापरले जातात. या सदरात मी ‘विकेंद्रित’ हा शब्द एवढ्याच अर्थाने वापरतो की कोणतेही एक यंत्र किंवा कोणताही एक मालक थांबला तरी डेटा मिळेनासा होत नाही.

आता खटाटोपाविषयी. पहिले कारण अंतराचे आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे हजार किलोमीटरवरच्या डेटा सेंटरकडे प्रश्न जाऊन उत्तर यायला, वाटेत कुठेही खोळंबा झाला नाही असे धरले तरी, किमान १० मिलिसेकंद लागतात. पडद्यावर आकडे पाहणाऱ्या माणसाला हा विलंब जाणवणार नाही, परंतु काही मिलिसेकंदांत थांबायला हव्या असलेल्या यंत्राच्या बाहूला तो परवडत नाही. दुसरे कारण आकारमानाचे. सेकंदाला ४ मेगाबिट दराने चित्रण करणारा एक कॅमेरा दिवसाला सुमारे ४३ गिगाबाइट डेटा तयार करतो. असे शंभर कॅमेरे असतील तर दिवसाला ४ टेराबाइटहून अधिक, आणि त्यांतला बहुतांश भाग कोणी कधीही पाहणार नसते. मात्र दर सेकंदाला १६ बाइटांची नोंद करणारा तापमानाचा सेन्सर दिवसाला १४ लाख बाइटसुद्धा भरत नाही. त्याच्या बाबतीत आकारमानाचे कारण पुढे करणे चुकीचे आहे, हे या तंत्राच्या पुरस्कर्त्यांनीही मान्य करायला हवे.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, ते म्हणजे संपर्क तुटणे. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातील एस३ या साठवण सेवेत एका दुरुस्तीच्या वेळी आज्ञेचा एक भाग चुकीचा दिला गेला, ठरवल्यापेक्षा जास्त सर्व्हर बंद झाले आणि सेवा पूर्ववत व्हायला चार तासांहून अधिक वेळ गेला. त्या सेवेवर विसंबलेली असंख्य संकेतस्थळे त्या काळात अडली. इतकेच नव्हे, तर सेवेची स्थिती दाखवणारा कंपनीचा स्वतःचा फलकही त्याच सेवेवर अवलंबून असल्याने बराच वेळ अद्ययावत करता आला नाही. ज्या यंत्रणेने बिघाड सांगायचा तीच बिघडलेल्या जागेवर उभी होती. जोडलेली उपकरणे उभारताना हा प्रसंग डोळ्यांसमोर ठेवावा, कारण दाराचे कुलूप, पंप किंवा रुग्णाजवळचा मॉनिटर यांना ‘सेवा थोड्या वेळाने सुरू होईल’ हे उत्तर देता येत नाही.

प्रश्न : सर्व्हरचा पत्ताच नसेल तर डेटा सापडतो कसा? छोट्या उपकरणांना हे काम झेपते का? — संगणक अभियांत्रिकीची विद्यार्थिनी

उत्तर : नेहमीच्या पद्धतीत आपण ‘अमुक यंत्रावरची तमुक फाइल’ मागतो. विकेंद्रित साठवणीत बहुधा आशयावरूनच पत्ता ठरतो. फाइलमधल्या मजकुरावर एसएचए-२५६ सारखी हॅश पद्धत चालवली की २५६ बिटांचा एक ठसा मिळतो. मजकुरातले एक अक्षर बदलले तरी ठसा पूर्णपणे वेगळा येतो. तो ठसा हाच पत्ता. यामुळे दोन गोष्टी एकदम साधतात. डेटा कोणाकडून मिळाला याला महत्त्व उरत नाही, कारण मिळालेल्या मजकुराचा ठसा काढून तो खरा आहे की नाही हे घेणाऱ्याला स्वतः तपासता येते. आणि एकाच यंत्रावर तोच मजकूर दोनदा साठवला जात नाही. अडचण एवढीच की मजकूर बदलला की पत्ताही बदलतो, म्हणून ‘या मीटरची ताजी नोंद’ यासारख्या बदलत्या गोष्टीसाठी, ताज्या ठशाकडे बोट दाखवणारी आणि मालकाच्या किल्लीने, म्हणजे त्याच्याकडच्या गुप्त आकड्याने, स्वाक्षरी केलेली वेगळी नोंद ठेवावी लागते.

ठसा कोणाकडे आहे हे शोधण्यासाठी अनेक नोड, म्हणजे जाळ्यात सहभागी असलेली यंत्रे, मिळून एक वाटलेली अनुक्रमणिका सांभाळतात. पेटार मेमुंकोव्ह आणि डेव्हिड मॅझिएर यांनी २००२ मध्ये मांडलेली काडेम्लिया ही त्यांतली फार वापरली गेलेली रचना आहे. तिच्यात प्रत्येक नोडला आणि प्रत्येक नोंदीला एकाच जातीचा लांब क्रमांक असतो, दोन क्रमांकांतले अंतर ‘एक्सॉर’ या, बिटाशी बिट ताडून पाहणाऱ्या क्रियेने मोजतात आणि प्रत्येक पावलाला शोध लक्ष्याच्या निदान दुप्पट जवळ जातो. त्यामुळे दहा लाख नोडांच्या जाळ्यातही सुमारे वीस पावलांत उत्तर मिळते. ही रचना मला आजही सुंदर वाटते. इतक्या थोड्या माहितीवर इतके मोठे जाळे चालते, हे समजल्यावर हा विषय सोडवत नाही.

तथापि तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असे आहे. या जाळ्यात भाग घेणाऱ्या नोडला सतत जागे राहावे लागते, शेजाऱ्यांची यादी ताजी ठेवावी लागते आणि अनोळखी नोडांच्या विचारणांना उत्तरे द्यावी लागतात. ईएसपी३२ या लोकप्रिय चिपमध्ये ५२० किलोबाइट स्मृती असते, आणि बॅटरीवरचा सेन्सर दिवसातला बहुतेक वेळ झोपलेला असतो, किंबहुना तो झोपतो म्हणूनच त्याची बॅटरी वर्षानुवर्षे टिकते. लोरावॅनसारख्या दूर पल्ल्याच्या रेडिओ जाळ्यात तर युरोपीय पट्ट्यातील सर्वांत संथ दराला एका संदेशात केवळ ५१ बाइटांचा मजकूर मावतो. एसएचए-२५६ चा ठसाच ३२ बाइटांचा असतो आणि आज प्रचलित असलेली एड२५५१९ प्रकारची डिजिटल स्वाक्षरी ६४ बाइटांची, म्हणजे ती एका संदेशात बसतच नाही. म्हणूनच लोरावॅनमध्ये संदेशाची सत्यता सामायिक किल्लीवरून काढलेल्या ४ बाइटांच्या खुणेवर तपासली जाते.

यावरून रचना आपोआप ठरते. सेन्सरने मोजावे, किल्लीने खूण करावी आणि संदेश गेटवेकडे द्यावा. ठसे काढणे, तुकडे करणे, प्रती वाटणे आणि शोधांना उत्तरे देणे ही कामे वीज आणि पुरेशी स्मृती असलेल्या गेटवेने करावीत. प्रत्येक बारीक उपकरण समान नोड असावे हा आग्रह तत्त्व म्हणून आकर्षक असला तरी बॅटरीच्या गणितापुढे तो टिकत नाही.

प्रश्न : आयपीएफएसवर ठेवलेली फाइल कायम राहते असे ऐकले होते. मी ठेवलेल्या काही फाइल काही महिन्यांनी मिळेनाशा झाल्या. असे का? — एक वाचक

उत्तर : कारण ते ऐकीव विधान चुकीचे आहे. हुआन बेनेट यांनी २०१४ मध्ये मांडलेली आयपीएफएस ही मुळात पत्ता आणि देवाणघेवाण यांची पद्धत आहे. तिच्यात पत्ता कायम राहतो. त्या पत्त्यावर काही असेलच याची हमी नाही. निदान एका नोडने फाइल ‘पिन’ करून ठेवली, म्हणजे साफसफाईतून वगळली, आणि तो नोड चालू राहिला, तरच ती मिळते. तुमच्या स्वतःच्या संगणकाखेरीज कोणीही ती पिन केलेली नसेल आणि तो संगणक बंद असेल, तर फाइल अस्तित्वात असूनही जगासाठी हरवलेली असते. दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणी पिन करावी आणि ठरावीक मुदतीने ती तिसऱ्याच यंत्रावरून मागवून पाहावी.

प्रश्न : आमच्याकडे पाणी उपसा केंद्रावर दोन गेटवे आहेत. मधला दुवा सहा तास तुटला असताना दोन्हीकडच्या कर्मचाऱ्यांनी टाकीच्या पातळीची मर्यादा बदलली. दुवा पुन्हा जुळल्यावर एक बदल गायब झाला आणि कोणाच्याही लक्षात आले नाही. खरा बदल कोणता मानायचा, हे यंत्रणेने कसे ठरवावे? — देखभाल विभागातील एक तंत्रज्ञ

उत्तर : या महिन्यात आलेल्या पत्रांत मला सर्वांत मोलाचा वाटलेला प्रश्न हा आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

प्रथम हे स्वीकारावे लागेल की दुवा तुटलेला असताना दोन्ही बाजूंनी काम चालू ठेवणे आणि दोन्ही बाजूंना नेहमी एकच उत्तर मिळणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी शक्य नाहीत. एरिक ब्रुअर यांनी २००० मध्ये हे अनुमान मांडले आणि सेथ गिल्बर्ट व नॅन्सी लिंच यांनी २००२ मध्ये ते सिद्ध केले. तुमच्या यंत्रणेने काम चालू ठेवण्याची निवड केली. ती चूक नव्हती. पाणी उपसा थांबवणे अधिक वाईट ठरले असते. चूक पुढच्या पायरीला झाली. तुमच्या वर्णनावरून दिसते की तिथे ‘शेवटचा बदल ग्राह्य’ हा नियम असावा, म्हणजे ज्या बदलावरची वेळ नंतरची, तो ठेवायचा आणि दुसरा टाकून द्यायचा.

हा नियम घड्याळांवर विश्वास टाकतो आणि काठावरची घड्याळे तितक्या विश्वासाची नसतात. सामान्य क्वार्ट्झ स्फटिकाच्या गतीत दहा लाखांत २० भागांची चूक असली तर घड्याळ दिवसाला सुमारे १.७ सेकंद सरकते, महिन्याभरात पाऊण मिनिटाहून अधिक. घड्याळाची स्वतंत्र बॅटरी नसलेला गेटवे वीज जाऊन आल्यानंतर, जाळ्याशी जुळेपर्यंत, कित्येकदा भलतीच तारीख धरून बसतो. अशा गेटवेवर केलेला अगदी ताजा बदल जुना ठरून पुसला जाऊ शकतो, आणि पुसला गेल्याची खूणही मागे राहत नाही.

लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्येच दाखवून दिले होते की वितरित यंत्रणेत ‘किती वाजता’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘कशाच्या आधी’ हा प्रश्न विचारता येतो. त्याच धाग्यावर पुढे आलेली पद्धत तुम्हाला थेट उपयोगी पडेल. प्रत्येक गेटवे स्वतःच्या बदलांची मोजणी ठेवतो आणि प्रत्येक नोंदीबरोबर दोघांचेही मोजणी-आकडे लिहिले जातात. पहिल्या गेटवेची नोंद (५, २) आणि दुसऱ्याची (५, ३) असेल, तर दुसरी नोंद पहिलीला पाहूनच लिहिली गेली आहे आणि ती निर्धास्तपणे ठेवावी. पण एक (५, २) आणि दुसरी (४, ३) असेल, तर दोघांपैकी कोणीही दुसऱ्याचा बदल पाहिलेला नव्हता. हा खरा संघर्ष आहे. तुमच्याकडे नेमके हेच झाले. संघर्ष ओळखता आला की तो दडपला जात नाही, दोन्ही मूल्ये जपली जातात आणि माणसाला विचारले जाते.

काही प्रकारच्या डेटामध्ये माणसाला विचारण्याचीही गरज नसते. मार्क शापिरो, नुनो प्रेगिसा, कार्लोस बाकेरो आणि मारेक झाविर्स्की यांनी २०११ मध्ये ‘सीआरडीटी’ या नावाने अशा रचनांची नेमकी मांडणी केली, ज्या कोणत्याही क्रमाने एकत्र केल्या तरी अंती सर्वत्र एकच निष्पन्न देतात. उदाहरणार्थ, एकूण उपसलेल्या पाण्याची बेरीज दोन्ही गेटवेंनी आपापली वेगळी ठेवली आणि वाचताना दोन्हींची बेरीज केली, तर संघर्ष उद्भवणारच नाही. सेन्सरच्या नोंदी तर स्वभावतःच सोप्या आहेत. त्या फक्त जोडल्या जातात, बदलल्या जात नाहीत, आणि प्रत्येक नोंदीवर सेन्सरचा क्रमांक आणि त्याचा स्वतःचा अनुक्रम असेल तर दोन संग्रह एकत्र करणे म्हणजे केवळ संच जुळवणे होय. दुवा परतल्यावर काय काय वेगळे आहे हे शोधण्यासाठी सगळ्या नोंदी पाठवाव्या लागत नाहीत. राल्फ मर्कल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ठशांच्या झाडात आधी मुळाचा ठसा ताडून पाहतात. तो जुळला नाही तर ज्या फांदीत फरक आहे तिच्यातच खाली उतरतात. दहा लाख नोंदींतली एखादी वेगळी नोंद अशा रीतीने वीसेक टप्प्यांत सापडते.

मर्यादा, झडप, कुलूप आणि तापमानाचा टप्पा या गोष्टी मात्र एकत्र करता येत नाहीत. एकाने झडप उघडी ठेवायला सांगितली आणि दुसऱ्याने बंद, तर त्यांची सरासरी काढण्यात अर्थ नाही. अशा प्रत्येक मूल्याला एकच मालक गेटवे नेमून द्यावा, असे माझे ठाम मत आहे. टाकी ज्या गेटवेला जोडलेली आहे तोच तिच्या मर्यादेचा मालक. दुसऱ्या गेटवेवरून फक्त विनंती करता यावी आणि दुवा नसेल तर विनंती प्रलंबित असल्याचे पडद्यावर स्पष्ट दिसावे. यासाठी कोणतेही नवे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही. एक तक्ता करावा आणि त्यात प्रत्येक मूल्यासमोर त्याचा मालक कोण, हे लिहावे. तुमच्या सहा तासांत जे हरवले ते या तक्त्याअभावी हरवले.

प्रश्न : गेटवे स्वस्त असतात आणि बिघडतातही लवकर. डेटाच्या तीन प्रती ठेवल्या की पुरे, असे सांगतात. हे खरे का? — एका लघुउद्योगातील व्यवस्थापक

उत्तर : तीन प्रती ही चांगली सवय आहे, पण जागेच्या हिशेबाने ती महाग पडते. तिला पर्याय म्हणून ‘इरेजर कोडिंग’, म्हणजे डेटाचे जादा तुकडे बनवून त्यांतल्या काहींवरूनच तो पुन्हा उभा करण्याची पद्धत, वापरली जाते आणि त्याचा पाया आयर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांनी १९६० मध्ये घातला. सीडीवर चरे पडूनही गाणे ऐकू येते ते याच कुळातल्या कोडमुळे. कल्पना शाळेतल्या भूमितीची आहे. कोणत्याही दोन बिंदूंवरून एकच सरळ रेषा जाते. माझ्याकडे दोन आकडे असतील तर त्यांची एक रेषा काढून तिच्यावरचे पाच बिंदू पाच जणांकडे देता येतील; नंतर त्यांतले कोणतेही दोघे भेटले तरी रेषा पुन्हा काढता येते आणि मूळ आकडे मिळतात. दोनऐवजी चार आकडे असले तर रेषेच्या जागी वक्र येतो, तत्त्व तेच राहते.

समजा प्रत्येक गेटवे दर वेळी ९० टक्के शक्यतेने चालू सापडतो आणि एकाच्या बिघाडाचा दुसऱ्याशी संबंध नाही. तीन पूर्ण प्रती ठेवल्या तर तिन्ही गेटवे एकदम बंद सापडण्याची शक्यता हजारात १. त्यासाठी जागा लागते मूळ डेटाच्या तिप्पट. आता डेटाचे चार भाग करून त्यांचे आठ तुकडे बनवले, असे की कोणतेही चार तुकडे पुरावेत, तर जागा लागते दुप्पट आणि डेटा न मिळण्याची शक्यता उतरते दहा हजारांत सुमारे ४ वर. कमी जागेत अधिक भरवसा मिळतो, आणि हे गणित कोणालाही कागदावर पडताळून पाहता येईल.

परंतु वरच्या परिच्छेदातले ‘संबंध नाही’ हे शब्द पुन्हा वाचावेत. आठही गेटवे एकाच विद्युत फलकावर असतील किंवा आठांवर एकाच दिवशी एकच सदोष सॉफ्टवेअर चढवले असेल, तर ते आठ नसून व्यवहारात एकच आहेत. तुकडे किती, यापेक्षा ते किती वेगळ्या कारणांनी बिघडू शकतात हे आधी पाहावे. दुसरी किंमत दुरुस्तीची आहे. प्रत हरवली तर दुसरीवरून तेवढीच उतरवून घेता येते. साध्या रीड-सॉलोमन पद्धतीत मात्र हरवलेला एक तुकडा पुन्हा बनवायला चार तुकडे आणावे लागतात. काठावरची बँडविड्थ तोकडी असते, म्हणून माझा सल्ला असा : वारंवार वाचल्या जाणाऱ्या लहान नोंदी आणि मांडणीच्या (कॉन्फिगरेशनच्या) फाइल यांच्या तीन पूर्ण प्रती ठेवाव्यात, आणि चित्रणासारखा मोठा, क्वचित लागणारा डेटा तुकड्यांत ठेवावा.

गेटवे लवकर बिघडतात असे आपण लिहिले आहे. त्यामागे अनेकदा मेमरी कार्डच असते. फ्लॅश स्मृती काही हजार वेळाच, स्वस्त प्रकारांत त्याहूनही कमी वेळा, पुसून लिहिता येते, आणि ती एकेका बाइटाने लिहीत नाही, तर पानापानाने लिहिते. दर सेकंदाची १६ बाइटांची नोंद लगेच कार्डावर उतरवायची ठरवली आणि पान ४ किलोबाइटचे धरले, तर प्रत्यक्ष लेखन २५६ पट होते. १४ लाख बाइटांच्या जागी दिवसाला ३५ कोटींहून अधिक. नोंदी मिनिटभर स्मृतीत साठवून एकदम लिहिल्या की कार्डाचे आयुष्य पुष्कळ वाढते. अचानक वीज गेली तर शेवटच्या मिनिटाच्या नोंदी जातील, ही त्याची किंमत आहे. तापमानासाठी ती चालेल. धोक्याच्या इशाऱ्यांची नोंद मात्र तत्काळ लिहावी.

प्रश्न : या सगळ्यासाठी ब्लॉकचेन लागते का? — अनेक वाचक

उत्तर : ब्लॉकचेन म्हणजे अनेक पक्षांनी मिळून सांभाळलेली, साखळीसारखी जोडलेली नोंदवही. ती बहुतेक वेळा लागत नाही. सर्व गेटवे एकाच संस्थेचे असतील तर स्वाक्षरी केलेली, मागची नोंद न बदलता येणारी साधी नोंदवही पुरते. एकमेकांवर विश्वास नसलेले पक्ष एकत्र येतात, तेव्हा ब्लॉकचेनचा विचार करावा. तेव्हाही डेटा साखळीत घालू नये, दिवसभराच्या नोंदींच्या झाडाच्या मुळाचा एकच ठसा तिच्यात नोंदवावा. ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालेल्या फाइलकॉइन या ब्लॉकचेनवर चालणाऱ्या साठवण जाळ्यातही फाइल साखळीत नसतात. साठवणाऱ्याकडे त्या अजून आहेत, याचे पुरावे साखळीत असतात.

प्रश्न : डेटाचे तुकडे अनेक ठिकाणी, कदाचित अनोळखी लोकांच्या यंत्रांवर असतील, तर त्याची गोपनीयता कशी राखायची? आणि उद्या कोणी ‘माझी माहिती पुसा’ असे म्हटले तर ती सगळीकडून पुसली गेली हे कसे दाखवायचे? — रुग्णालयाच्या माहिती विभागातील एक वाचक

उत्तर : रुग्णांच्या माहितीच्या बाबतीत ‘ठेवली आहे’ एवढे सांगून भागत नाही, म्हणून हा प्रश्न विचारल्याबद्दल आपले मनापासून आभार. डेटा गेटवेबाहेर पडण्यापूर्वीच कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारा, झालेला असावा, हा पहिला नियम. तुकडे केल्याने गोपनीयता मिळते हा समज धोक्याचा आहे, कारण कित्येक पद्धतींत पहिले काही तुकडे म्हणजे मूळ मजकुराचेच सरळ भाग असतात. क्रमही महत्त्वाचा आहे : आधी कूटबद्ध करावे आणि मग ठसा काढावा. उघड्या मजकुराचा ठसा निरुपद्रवी दिसतो, पण मजकूर लहान असेल तर तसे नसते. शरीराच्या तापमानाची नोंद ३४ ते ४२ अंशांत कुठेतरी असणार. त्या सर्व मूल्यांचे ठसे काढून ताडून पाहायला क्षणभरही लागत नाही.

पुसण्याविषयी. युरोपीय संघात २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या जीडीपीआर या नियमावलीच्या कलम १७ मध्ये व्यक्तीला आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क दिलेला आहे. बंद पडलेल्या किंवा दुसऱ्याच्या ताब्यातल्या यंत्रावरचा तुकडा पुसला गेला याची शाश्वती कोणालाच देता येत नाही. त्यावर प्रचलित उपाय असा की प्रत्येक रुग्णाच्या माहितीसाठी वेगळी किल्ली वापरावी आणि पुसण्याची विनंती आली की ती किल्ली नष्ट करावी. मग तुकडे कुठेही पडून राहिले तरी ते वाचता येत नाहीत. हे तांत्रिक उत्तर आहे. कायद्याच्या दृष्टीने ते पुरेसे मानले जाते का, हे आपल्याला लागू असलेल्या नियमांनुसार विधिज्ञांकडून पडताळून घ्यावे.

यात सगळा भार किल्ल्यांवर येतो. किल्ली चुकून हरवली तर डेटा असूनही नाही. अदी शमीर यांनी १९७९ मध्ये दिलेल्या पद्धतीने मुख्य किल्लीचे पाच वाटे करून पाच जबाबदार व्यक्तींकडे देता येतात, असे की कोणतेही तिघे एकत्र आले तरच ती उघडावी आणि दोघांना तिच्याविषयी काहीही कळू नये. वर सांगितलेली रेषेची भूमिती इथेही कामी येते. नष्ट करायच्या किल्लीची प्रत मात्र कुठल्याही बॅकअपमध्ये राहता कामा नये, आणि हीच गोष्ट सर्वांत जास्त वेळा विसरली जाते : किल्ली मुख्य संग्रहातून जाते, पण रात्रीच्या बॅकअपमध्ये महिनोन् महिने सुरक्षित बसलेली असते.

गेटवे हे डेटा सेंटरमधल्या यंत्रासारखे बंद दाराआड नसते. ते भिंतीवर, खोलीत किंवा वाहनात असते आणि कोणीही ते उचलून नेऊ शकते. म्हणून किल्ली त्याच्या कार्डावर उघडी न ठेवता वेगळ्या सुरक्षित चिपमध्ये ठेवावी. शिवाय २०१६ मध्ये मिराई या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेले नाव-पासवर्ड न बदललेली कॅमेरे आणि राउटर यांसारखी लाखो उपकरणे ताब्यात घेतली होती, आणि त्यासाठी अशा साठएक ठरावीक जोड्याच तिला पुरल्या. आपल्या विभागात जुना गेटवे काढून नवा बसवला जाईल त्या दिवशी जुन्यातली किल्ली रद्द झाली का, त्याच्याकडचे तुकडे दुसरीकडे पुन्हा बनवले गेले का आणि ही दोन्ही कामे कोणी तपासली, या तिन्ही गोष्टी सहीनिशी नोंदवून ठेवाव्यात. यंत्र भंगारात देण्याची परवानगी त्या नोंदीनंतरच मिळावी.